भेदराचं बी राखणारा तुंबा

मी एक जुना तुंबा आहे, मित्रांनो, आणि मला झोप फार. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बोलता बोलता माझा डोळा लागला तर तुम्ही राग मानायचा नाही. चुलीच्या वर, धुराच्या वाटेत, आढ्याला दोरीने टांगलेला जीव मी. खालून ऊब येते, वर कवेलूंच्या फटींतून उजेडाच्या चार काड्या येतात, आणि पोटात बी निजलेलं असतं. अशा जागी जागं राहणारा कोणी असेल तर त्याला माझा रामराम.

माझं घर धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात आहे. घर बुधरीचं. तिचा मुलगा सुनिल जेव्हा रांगत होता, त्या वर्षी मी तिच्या छपरावरच्या वेलीला लागलो. कडू भोपळ्याची जात माझी. भाजीच्या कामाचा नाही, गाईम्हशीही तोंड लावत नाहीत. म्हणून बुधरीचा नवरा कोलू याने मला वेलीवरच राहू दिलं. थंडी आली, वेल वाळली, आणि मी छपरावर पडल्या पडल्या हलका होत गेलो. एक दिवस कोलू शिडी लावून वर आला. त्याने मला कानाशी धरून हलवलं, आतल्या बियांची खुळखुळ ऐकली आणि खाली उतरवलं.

त्याने माझ्या देठाशी अंगठ्याएवढं भोक पाडलं. आतला वाळका गर काडीने खरवडला, रेती आणि पाणी भरून मला दिवसभर हलवलं. आठ दिवस माझ्या अंगाला असा वास येत होता की बुधरीने मला घराबाहेर, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी ठेवलं. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. मग कोलूने सळई तापवली आणि माझ्या पोटाभोवती डोंगरांची रांग काढली. त्यातला एक डोंगर वाकडा गेला. बुधरी पुढे कितीतरी वर्षं त्या वाकड्या डोंगरावरून त्याला चिडवायची, आणि तो म्हणायचा की तो डोंगर खरोखरच तसा आहे, हवं तर दाखवतो. त्याने तो कधी दाखवला नाही. कोलूला जाऊन आता सात वर्षं झाली.

माझं काम एकच होतं, भेदराचं बी राखायचं. भेदर म्हणजे टमाटर हो. तुमच्या पुस्तकात त्याला टोमॅटो म्हणतात, पण बुधरीच्या तोंडी भेदरच. आणि तिचं भेदर काही बाजारातल्यासारखं नव्हतं. बसकं, चारी अंगांनी घड्या पडलेलं, साल पातळ, आणि आंबट तर असं की नुसतं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटावं. त्याच्या खोडी पण सांगतो. पाऊस झाला की ते तडकायचं, तोडून ठेवलं तर तिसऱ्या दिवशी पाणी सुटायचं. पण निखाऱ्यावर भाजलं, की साल आपसूक सुटायची आणि मिरची-मिठासोबत अशी चटणी व्हायची, की भाताचं पातेलं कमी पडायचं. बुधरीचं लग्न झालं तेव्हा तिच्या मायने पळसाच्या पानाच्या पुडीत हे बी बांधून तिच्यासोबत दिलं होतं. माहेराहून आलेलं तेवढंच तिच्याजवळ उरलं होतं.

बी काढायची रीत होती. झाडावरचं सगळ्यात चांगलं फळ खायचं नाही, राखायचं. त्याच्या फांदीला चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरातल्याने काय, शेजाऱ्याने काय, त्या झाडाला हात लावायचा नाही. फळ पिकून, मऊ पडून, गळायला आलं की मग काढायचं, पाण्यात चोळायचं, फेस येईपर्यंत दोन-तीन दिवस ठेवायचं. मग धुऊन, राख लावून सुकवायचं, आणि माझ्या पोटात घालून तोंडाला मक्याच्या कणसाचं बूच लावायचं. जुनं बी आधी काढून टाकायचं. जुनं नव्यात मिसळायचं नाही, हा बुधरीचा नियम होता.

आणि मग आम्ही निजायचो, मी आणि बी. मित्रांनो, तुम्हाला ठाऊक नसेल, पण बियांना स्वप्नं पडतात, आणि ज्याच्या पोटात त्या असतात त्यालाही ती दिसतात. बुधरीच्या भेदराच्या बिया वाडीची स्वप्नं पाहायच्या. कुंपणाच्या करवंदीची सावली, पहाटेचं धुकं, मोहाच्या पानांचा कुजका गोड वास, बुधरीच्या पायांतल्या वाळ्यांचा आवाज. कधी कधी बुधरीची मायही दिसायची, मी जिला कधी पाहिलं नव्हतं. ती वाकून मातीत बोट घालायची, आणि त्या बोटाची ऊब मला माझ्या पोटात कळायची. अशी पंचवीस-तीस वर्षं मी झोपेत काढली. सुखाचा जीव होतो मी.

सहा वर्षांपूर्वी बुधरीला हिवताप आला. महिनाभर ती अंथरुणावर होती. ताप गेला, पण जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. भात मातीसारखा, डाळ पाण्यासारखी, कोंबडीचा रस्सा काय आणि गरम पाणी काय, तिला सारखंच. हे तिने कोणालाच सांगितलं नाही. चुलीपुढे बसून एकटीच बोलायची, म्हणून मला ठाऊक. फक्त आपल्या भेदराची चटणी असली की तिच्या जिभेला काहीतरी लागायचं आणि चार घास पोटात जायचे. थंडीभर ती जेवायची, उन्हाळा-पावसाळा कसाबसा काढायची. दवाखान्यातल्या बाईने वजन पाहून बजावलं होतं, आजी, अशाच वाळत गेलात तर पुढचा ताप झेपणार नाही. बुधरीने ते हसण्यावारी नेलं. मला मात्र ती दोरी टांगायला हात वर करायची तेव्हा तिच्या दंडाची हाडं दिसायची.

त्याच्या पुढल्या वर्षी, उन्हाळ्यात, सुनिलचं लग्न झालं आणि निशा घरात आली. पोरगी भद्रावतीची. तिचे बाबा लटारूभाऊ तिथल्या कारखान्याच्या कॉलनीत माळीकाम करायचे. त्यामुळे निशाला झाडांचा नाद होता, पण तो कॉलनीतला नाद. झाडं कशी, ओळीत उभी पाहिजेत. वेल कसा, काठीला बांधलेला पाहिजे. सासूला ती मामी म्हणायची आणि पहिल्या दिवसापासून तिच्या मागे मागे वाडीत फिरायची. गुणाची होती, उगाच का नाव ठेवू.

भाद्रपदात रोप टाकायची वेळ आली, तेव्हा निशाने पिशवीतून तीन पाकिटं काढून चुलीपुढे मांडली. तिच्या बाबांनी दिलेली. एकावर गोल गरगरीत टमाटर, एकावर लांबट, एकावर बोराएवढी लाल लाल. मी वरून डोकावून पाहिलं. चित्रं चांगली होती, खोटं कशाला बोलू. वाडीत हातपंपाचं पाणी पोचायचं तेवढ्यात जागा बारा झाडांची. त्या बारात कोणतं लावायचं, यावर दोन दिवस काथ्याकूट चालला. निशाचं म्हणणं, गोल लावू, भाजीला भरपूर निघेल. सुनिल म्हणे लांबट लाव, आठ आठ दिवस टिकते, धानोऱ्याला कामावर डब्यात कापून नेता येते. बोराएवढ्याची दोघांनाही हौस होती, पण वानरांची आधीच मेजवानी होईल म्हणून ते मागे पडलं. आणि बुधरी काय म्हणाली? बुधरी म्हणाली, माहं भेदर लावा. का, ते तिने सांगितलं नाही.

निशाने सासूच्या भेदराच्या खोडी एकेक करून मोजल्या. तडकते, टिकत नाही, झाड भुईवर लोळते, फळ लहान. सगळं खरं होतं. बुधरी नुसती चूल फुंकत राहिली. तेव्हा तिने एवढं जरी म्हटलं असतं की पोरी, माझ्या तोंडाची चव गेली आहे, तर निशाने बाराच्या बारा जागा तिला देऊन टाकल्या असत्या. पण म्हातारपणी आपलं दुखणं सुनेपुढे कोण उघडं करते? शेवटी सहा-सहा असं ठरलं. सहा झाडं बुधरीच्या भेदराची, सहा निशाच्या गोल टमाटरची.

झाडं वाढली. बुधरीची भुईवर तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, अंथरुणात लोळायची, निशाची बांबूच्या काठ्यांना टेकून ताठ उभी. काठीला झाड बांधायला निशाने जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडल्या. सुतळीने खोड कापते, कापडाने कापत नाही, हे तिच्या बाबांनी शिकवलेलं. अगदी बरोबर शिकवलेलं. बुधरीच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. तिला काठ्या दिसायच्या, चिंध्या दिसत नव्हत्या. आणि आमच्याकडे चिंधीचा अर्थ काय, हे निशाला कोणी सांगितलं नव्हतं. जे घरात सगळ्यांनाच ठाऊक असते, ते नव्या माणसाला सांगायचं राहून जाते.

फळं धरली, तसा गडचिरोलीच्या दवाखान्यातून डोळ्यांच्या ऑपरेशनचा निरोप आला. दोन दिवसांचं काम होतं. निशा सासूसोबत गेली. तिथे बुधरीचं बीपी वाढलेलं निघालं, दोनाचे दहा दिवस झाले. इकडे सुनिल दिवसभर कामावर, घराला कुलूप. वानरांचा कळप वाडीत उतरला. भुईवर पसरलेली बुधरीची झाडं त्यांनी मुळासकट लोळवली, फळं चावून चावून फेकली. निशाची काठ्यांना बांधलेली झाडं तेवढी कशीबशी उभी राहिली. दवाखान्यातून बुधरीने फोनवर सुनिलला सांगितलं, बी काढून सुकव आणि तुंब्यात भर. पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी तिला वाडी दिसत नव्हती, आणि बी म्हणजे आपलंच भेदर, दुसरं काही असू शकते हे तिच्या मनातही आलं नाही.

सुनिल संध्याकाळी वाडीत गेला. पाहतो तर पिकून मऊ पडलेली फळं, आणि प्रत्येक झाडाला लाल चिंधी. तो खुशीत घरात आला. त्याला वाटलं, मायने आणि निशाने मिळून या वर्षी नवं वाण राखायचं ठरवलं असेल, सासू-सुनेचं जमलं म्हणायचं. चिंधी दिसली की विचारायचं नाही, हे तो दूध पिताना शिकला होता. त्याने मला खाली काढलं, बूच काढलं, उलटं करून दोन चापट्या मारल्या. जुनं बी अंगणात सांडलं आणि कोंबड्यांनी टिपून टिपून खाल्लं. चार दिवसांनी नवं बी माझ्या पोटात आलं.

पहिल्या झोपेतच मला कळलं. मित्रांनो, त्या बियांची स्वप्नं वेगळी होती. हिरव्या जाळीखालचा उजेड, काळ्या ट्रेमधली ओळीने मांडलेली रोपं, हॉर्न वाजवत जाणारा ट्रक, क्रेटमध्ये कोंबलेली फळं. वाईट स्वप्नं नव्हती ती. बिचारी आपलं गाव आठवत होती. पण त्यांत बुधरीच्या वाळ्यांचा आवाज नव्हता. मी ओरडणार कसा? लोक मूग गिळून गप्प बसतात, मी भेदराच्या नावाने भलतंच बी गिळून गप्प बसलो.

बुधरी परतली. उलथलेली झाडं पाहून तिने सुनिलला एवढंच विचारलं, बी तुंब्यात आहे ना? तो म्हणाला, आहे. तिचा जीव भांड्यात पडला. धुरात जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून दोन महिने ती चुलीकडे फिरकली नाही. उन्हाळा गेला, पावसाळाही सरत आला. भादव्यात तिने स्वतः माझं बूच काढलं आणि बाराच्या बारा जागांना पुरेल इतकं रोप टाकलं. या खेपेला निशानेच म्हटलं होतं की मामी, यंदा सगळी तुमचीच लावू, मी माझी पुढल्या वर्षी लावीन. दवाखान्यात दहा दिवस सासूच्या ताटातला भात परत जाताना तिने पाहिला होता. तिला काहीतरी कळलं होतं, पुरतं नाही.

झाडं मोठी झाली. पान थोडं रुंद वाटलं, वास थोडा निराळा. बुधरी म्हणायची, नव्या डोळ्यांनी सगळंच नवं दिसते. मग फळं धरली आणि वाडीत भलताच बाजार भरला. एका झाडाला गोल, एकाला लांबट, एकाला लिंबाएवढी, एकाला नुसतीच फुलं. पाकिटातल्या संकरित वाणाचं बी घरी धरलं की असंच होते, लेकरं आईबापाच्या वळणावर जात नाहीत. बुधरी तरी मानायला तयार नव्हती. तिने पहिलं पिकलेलं फळ घरच्या पेनांपुढे, म्हणजे आमच्या पूर्वज देवांपुढे ठेवलं. दुसरं निखाऱ्यावर भाजलं. साल सुटेना, ती जाड चामड्यासारखी चिवट. तिने तशीच चटणी वाटली, भातावर घेतली, घास तोंडात घातला. आणि बराच वेळ तो घास तोंडात तसाच धरून बसली.

“हे माहं भेदर नोहे,” ती म्हणाली.

सुनिलने सांगितलं, चिंधी पाहूनच बी काढलं. बुधरी म्हणाली, मी चिंधी बांधलीच नव्हती, आल्यावर बांधीन म्हटलं होतं. तेव्हा निशा हातातलं ताट खाली ठेवून पुढे आली.

“चिंध्या मी बांधल्या होत्या मामी. काठीले. मले नाई माहीत होतं.”

बुधरी रागावली असती तर बरं झालं असतं. तिने ताट सारलं, हात धुतला आणि भिंतीला टेकून बसली. तेव्हा निशाने जवळ बसून विचारलं, मामी, तुम्ही जेवत काऊन नाई? आणि तीन वर्षांत पहिल्यांदा बुधरीने ते सांगितलं. ताप, चव, माती, सगळं. मी वरून ऐकत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून निशा बी शोधायला निघाली. आधी बुधरीच्या माहेरी गेली. तिथे वाड्यांमधून पाकिटातलीच टमाटर लोंबत होती. धानोऱ्याचा बाजार पालथा घातला. मग एसटीने थेट चामोर्शीच्या आठवडी बाजारात. तिथे ठमाबाई नावाची भाजीवाली भेटली. पूर्वी तिच्याकडे हेच घड्यांचं भेदर असायचं, पण टोपलीत तिसऱ्या दिवशी पाणी सुटते म्हणून गिऱ्हाईक घेईना, तिने वाण सोडलं. निशा रडवेली होऊन उठायला लागली, तेव्हा ठमाबाईने तिला हाताला धरून बसवलं. बी कशात राखत होते म्हणून विचारलं. तुंब्यात, म्हटल्यावर ती म्हणाली की जुन्या तुंब्याच्या आत गराचे पापुद्रे सुटलेले असतात, त्यांच्यात बी अडकून बसते. हलवून निघत नाही. आपल्या मायचा तुंबा फुटला तेव्हा आत वाल निघाले होते.

काय सांगू तुम्हाला. निशाने घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा कुठे मला उलगडलं. वर्षभर त्या परक्या स्वप्नांच्या आडून कधी कधी वाळे वाजायचे, करवंदीची सावली दिसायची. मला वाटायचं, या माझ्या म्हातारपणीच्या आठवणी. त्या आठवणी नव्हत्या. माझ्या पोटात, कुठल्यातरी पापुद्र्यात, जुनं बी अजून निजलेलं होतं.

निशाने तार घालून पाहिली, रेती घालून हलवलं. भुसा निघाला. सुनिल म्हणाला, फोडू. बुधरी उठली, मला त्याच्या हातातून घेतलं आणि परत टांगलं.

“कोलूचा हात हाये याच्यावर,” ती म्हणाली. “नाई फोडायचा.”

तीन दिवस मी लटकत होतो. या तीन दिवसांत मात्र मला झोप आली नाही, खोटं सांगत नाही. बुधरी चिंचेचं पाणी आणि दोन घास भात यावर राहिली. निशा अंबाडी करून पाही, बोरं ठेचून पाही, सासू मान हलवी. मला ओरडून सांगावंसं वाटे, अगं बाई, फोड मला. तू वाळून चाललीस आणि मी इथे डोंगरांची रांग मिरवत बसू? पण तुंब्याचं कोण ऐकते?

तिसऱ्या दिवशी दुपारी निशा पाण्याला गेली होती. बुधरीने मला काढून मांडीवर घेतलं. नव्या डोळ्यांनी तिने मला नीट असं पहिल्यांदाच पाहिलं असावं. बोट डोंगरांवरून फिरत फिरत त्या वाकड्यापाशी थांबलं. ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

“वाकडाच काढला होता तू,” ती म्हणाली. मग म्हणाली, “बी राखाले बनवला होता नं? मंग रागावू नोको.”

आणि वरवंटा उचलून तिने मला फोडलं.

दुखलं नाही. उजेड आला एवढंच. इतकी वर्षं माझ्या पोटात असा उजेड कधी आला नव्हता. निशा आवाज ऐकून धावत आली, तर सासू सुईच्या टोकाने माझे पापुद्रे उकलत बसलेली. दोघी डोक्याला डोकं लावून बसल्या. राखेत माखलेल्या, चिकटलेल्या, एकोणीस बिया निघाल्या.

निशाने त्या फुटक्या माठाच्या बुडात पेरल्या. लटारूभाऊंना फोन करून विचारलं, त्यांनी सांगितलं तसं थेंब थेंब पाणी घातलं, रात्री थंडी लागू नये म्हणून माठ चुलीजवळ आणला. दहा दिवस काही नाही. बुधरीने तिकडे बघणं सोडून दिलं. बाराव्या दिवशी दोन अंकुर वर आले. एक दोन दिवसांत मलूल होऊन गेला. एक राहिला. त्या एका रोपामागे निशाने तीन महिने जागरणं केली म्हणा ना. वानरांसाठी काटेरी झापाचं कुंपण केलं, फाल्गुनात ऊन तापलं तेव्हा आपल्याच ओढणीची सावली केली. फुलं पुष्कळ गळाली. चार फळं धरली. बसकी, घड्यांची.

चैत्रात पहिलं पिकलं. पहिलं पेनांचं, तिथे वाद नाही. दुसरं पिकलं तेव्हा निशा ते खुडायला निघाली, तर बुधरी आडवी आली. म्हणाली, बियाले राहू दे, तीनही बियाले राहू दे. एवढा उन्हाळा काढला, पुढलाही काढीन. तिचे गाल तोवर आत गेले होते, आणि चिंचेच्या पाण्यावर माणूस किती दिवस राहते? निशाने तिचं ऐकलं नाही. सासूचं न ऐकण्याची तिची ही पहिलीच वेळ. तिने फळ खुडलं, माझ्या फुटलेल्या पोटाचा खालचा अर्धा भाग आणून पुढ्यात ठेवला आणि त्यात पाणी घेतलं. फळ फाडून बी तेवढं अंगठ्याने हलकेच माझ्यात उतरवलं. उरलेलं फळ निखाऱ्यावर ठेवलं. साल आपसूक सुटली.

बुधरीने पहिला घास घेतला. मग तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. ताट पुसून झाल्यावर तिने ते सुनेपुढे केलं आणि म्हणाली, “अजून थोडा भात वाढ.”

निशा भात वाढत होती आणि रडत होती, आणि मी खाली जमिनीवर, पोटात पाणी आणि बी घेऊन, पडून होतो.

आता मी टांगलेला नसतो, मित्रांनो. अर्धाच उरलोय. वर्षभर वाडीत झाडांना पाणी घालायचं काम करतो, बी काढायच्या दिवसांत तेवढा फेसाने भरतो. बारा जागांचं आता दरवर्षी आधी बसून ठरते, आणि निशाच्या गोल टमाटरांनाही त्यात चार जागा आहेत. डब्याला तीच बरी पडतात, सुनिलचं तेही खरंच आहे.

तुमच्याजवळ माझं एकच मागणं आहे. तुमच्या वाडीत, गॅलरीतल्या कुंडीत, काय हवं ते लावा. चित्र पाहून लावा, चव पाहून लावा, मला त्यात बोलायचं नाही. पण लावण्याआधी घरात जे कोणी ताटातलं अर्धं अन्न गुपचूप मागे सारते, त्याच्याजवळ जाऊन बसा. तुझ्या मायच्या वाडीत काय पिकत होतं, असं विचारा. आणि ते माणूस सांगायला लागलं की हातातलं काम खाली ठेवा आणि पुरतं ऐकून घ्या.